जोधपूरचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क: गाईड घ्या, आणि किल्ल्याच्या आधी जा

तुम्ही विचारलंय की दिवाळीच्या सुट्टीत जोधपूरला जाताय, सोबत आईबाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे, मेहरानगढ किल्ला बघून झाल्यावर दीड-दोन तास हातात राहतील. त्या वेळात शेजारचं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क बघावं का, आणि तिथला गाईड घ्यायची खरंच गरज आहे का. तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना दोघातिघांनी ‘नुसती काटेरी झुडपं आहेत, नाही गेलात तरी चालेल’ असं लिहिलंय. त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. पण गाईड न घेता, भर दुपारी, किल्ला चढून-उतरून दमल्यावर तिथे गेलं तर त्यांना दिसलं तेवढंच तुम्हालाही दिसेल, हेही तितकंच खरं आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ही जागा काय आहे ते सांगतो. मेहरानगढच्या पायथ्याशी, जुन्या तटबंदीला लागून सुमारे 70 हेक्टर खडकाळ जमीन आहे. तिथे एके काळी जिकडे बघावं तिकडे वेडी बाभूळच होती. सोलापूर, मराठवाडा, नगर भागातल्या माणसाला हे झाड वेगळं सांगायला नको: रस्त्याच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, पडीक रानात तेच. मारवाडात त्याला बावळिया म्हणतात. मूळ अमेरिकेतलं. जोधपूर संस्थानात 1930 च्या दशकात ते मुद्दाम आणलं गेलं, उजाड टेकड्या हिरव्या व्हाव्यात म्हणून. महाराजा उमेदसिंहांनी विमानातून त्याचं बी टाकलं असं तिथे सांगतात. टेकड्या हिरव्या झाल्या खऱ्या, पण त्या एकाच झाडाच्या. शेळ्यामेंढ्या शेंगा खातात, लेंड्यांतून बी सगळीकडे पोचतं, आणि झाडाखाली दुसरं काही सहसा उगवत नाही.

2006 मध्ये मेहरानगढ म्युझियम ट्रस्टने ही जमीन पुन्हा मूळ रूपात आणायचं ठरवलं आणि झाडांचे अभ्यासक आणि लेखक प्रदीप कृष्ण यांनी ते काम हाती घेतलं. अडचण अशी की वेडी बाभूळ वरून तोडली की आणखी जोमाने फुटते. तिला मारायचं तर बुंध्याखालचं मूळ साधारण दीड फूट खोल जाऊन काढावं लागतं. इथे तर माती नाहीच, सगळा रायोलाइट, म्हणजे लाव्हापासून झालेला कठीण खडक. मुळं खडकाच्या भेगांत घुसलेली. मग जोधपूरच्या दगडखाणींत पिढ्यानपिढ्या काम करणाऱ्या खंडवालियांना बोलावण्यात आलं. हे लोक हातोडीने खडकावर ठोकतात आणि आवाज ऐकून आतला दगड कसा आहे, भेग कुठे जाते, हे ओळखतात. छिन्नी-हातोडीने त्यांनी एकेका बुंध्याभोवतीचा दगड फोडला आणि मुळं काढली. जे खड्डे पडले, तेच नव्या झाडांसाठी वापरले. मला यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. बाभळीने आपलं मूळ घालायला खडकातली जी जागा शोधून ठेवली होती, तीच जागा मूळच्या झाडांनाही हवी होती. उद्यान लोकांसाठी खुलं झालं फेब्रुवारी 2011 मध्ये.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. या बागेतलं सगळ्यात मोठं काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते काढून टाकण्याचं काम आहे. तिथे ताटवे नाहीत, कारंजी नाहीत, हिरवळ नाही. उघडा खडक, त्यातून वर आलेला थोर, मध्ये गवत, आणि लांबून सारखीच वाटणारी झुडपं. गाईड शेजारी उभं राहून ‘इथे बुंधा होता, इथून दगड फोडला, आता इथे कुमट आहे’ (कुमट म्हणजे इथलं मूळचं काटेरी झाड) असं दाखवतो, तेव्हा पायाखालची जमीन वाचता येऊ लागते. त्यानंतर मग तुम्ही स्वतःच खड्डे ओळखायला लागता.

गाईड सिंघोरिया पोळ इथे मिळतो. हा शहराचा जुना दरवाजा, आता तिथेच उद्यानाचं माहिती केंद्र आहे. तिकीट तिथेच, गाईडचे पैसे वेगळे. दर आणि वेळा बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, आणि चौघा-पाचांसाठी गाईड हवाय हेही तेव्हाच सांगून ठेवा. दिवाळीत गर्दी किल्ल्यावर असते, इथे नाही, पण गाईड मोजकेच असतात.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे: उद्यान आधी, किल्ला नंतर. सकाळी उघडताच जा. ऑक्टोबरअखेरही जोधपूरला दुपारी पारा पस्तिशीच्या आसपास असतो, आणि उघडा खडक तापला की लहान मुलाचं लक्ष सावलीपलीकडे कुठे जात नाही. सकाळचं ऊन तिरपं असतं, गवताच्या तुऱ्यांवर पडतं, वर किल्ल्याची भिंत उजळते. फोटो हवे असतील तर ते याच वेळेला. शिवाय उद्यानात खालून किल्ला बघून मग वर गेलात, की त्या तटाखालचा खडक कोणता हे तुम्हाला माहीत असतं.

त्या खडकाबद्दल गाईडला थांबवून विचाराच. मालाणी ज्वालामुखी खडक म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचं वय सुमारे 75 कोटी वर्षं धरतात. आपला सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे रायगड-राजगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्या डोळ्यांना जो ‘जुना’ दगड वाटतो, त्याच्या दहापटीहून जुना दगड इथे पायाखाली असतो. रंगही वेगळा, गुलाबी-तपकिरी. काही ठिकाणी उभे खांब एकाला एक चिकटल्यासारखे दिसतात, ते लाव्हा थंड होताना पडलेल्या भेगांमुळे. किल्ल्याच्या टेकडीवर या रायोलाइटच्या वर वालुकाश्म आहे. दोन खडक जिथे भेटतात ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलेली आहे.

वाटा चार आहेत आणि रंगांनी ओळखायच्या: पिवळी, तांबडी, निळी, हिरवी. प्रत्येक साधारण किलोमीटरच्या आसपास. अंतर लहान वाटतं, पण गाईडबरोबर चाल इतकी सावकाश होते की दीड तास सहज जातो, आणि जायलाच हवा. एक वाट हाथी नहरीतून जाते. पावसाचं पाणी किल्ल्याशेजारच्या तलावांकडे वळवण्यासाठी खडक कापून काढलेला हा कालवा आहे. दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, मध्ये तळातून तुम्ही चालताय. मुलाला हीच वाट आवडेल. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना मात्र या वाटेने नेऊ नका, तळ उंचसखल आहे. त्यांच्यासाठी माहिती केंद्र आणि त्याच्या आसपासचा भाग पुरेसा आहे, नाहीतर त्यांना जवळच्या जसवंत थड्याला, म्हणजे महाराजा जसवंतसिंहांच्या संगमरवरी स्मारकाला, सोडून या. तिथे बसायला सावली आहे.

झाडांबद्दल लिहायला बसलो तर संपणार नाही, म्हणून मला जी दाखवावीशी वाटतात तेवढीच सांगतो. थोर तुम्हाला सगळीकडे दिसेल आणि मुलगा ‘कॅक्टस!’ म्हणेल. तो कॅक्टस नाही. कॅक्टस हे कूळ अमेरिकेतलं. थोर आपला, शेराच्या कुळातला. मोडला की पांढरा चीक येतो, आणि तो डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, तेव्हा मुलाला आधीच बजावून ठेवा. पाऊस संपला की थोर पानं गाळत जातो आणि मग हिरव्या खोडावरच अन्न तयार करतो. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. केर, आपण ज्याला नेपती म्हणतो, वर्षाचा बहुतेक काळ बिनपानांचा असतो. गुग्गुळ तर वाळकी काटकी वाटेल. जवळ जाऊन त्याची साल बघा, कागदासारखे पापुद्रे सुटलेले असतात. औषधांसाठी, धुपासाठी डिंक काढताना इतक्या निर्दयपणे चिरा दिल्या गेल्या की रानातला गुग्गुळ आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपल्या घरात आयुर्वेदिक गोळ्यांच्या नावात जो गुग्गुळ असतो तो हाच. मी तर म्हणेन, या एका झुडपापाशी पाच मिनिटं थांबा.

कुमट ओळखायचा खेळ मुलाला द्या. त्याचे काटे तीन-तीनच्या जुडग्यात असतात, दोन वर वळलेले, मधला खाली. हात आत घातला की बाहेर काढताना अडकतो. एकदा ही खूण कळली की तो पुढच्या वाटेवर स्वतःच कुमट शोधत राहील. मग त्याला बुई दाखवा: कापसासारखे पांढरे तुरे, पूर्वी उशांत भरायचे. रोहिडा तुम्हाला फुलाशिवाय दिसेल, त्याचा बहर थंडी सरता सरता येतो. नारिंगी-पिवळी मोठी फुलं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये परत यावं लागेल. थोरही साधारण तेव्हाच फुलतो.

खरं विचाराल तर या जागेचा सगळ्यात सुंदर काळ जुलैअखेर ते सप्टेंबर. वर्षाला जेमतेम 350-400 मिमी पाऊस, पण तो पडला की खडकाच्या प्रत्येक चिरेतून काहीतरी वर येतं आणि थोराच्या जाळ्या पानांनी भरतात. राजस्थान म्हणजे फक्त हिवाळा, हे आपल्या टूर कंपन्यांनी ठरवून टाकलंय. झाडांसाठी जाणाऱ्याने ते मनावर घेऊ नये. पण दिवाळीलाही नाराज व्हायचं कारण नाही. गवत पिकून सोनेरी झालेलं असतं, बी झडत असतं, आणि वाळवंटातलं झाड पाणी ओसरल्यावर काय करतं ते त्याच दिवसांत डोळ्यासमोर चाललेलं असतं.

गाईडशी हिंदीत बोलता येतं, पण झाडांची मारवाडी नावं मुद्दाम विचारा आणि ‘घरी याचं काय करतात?’ हा प्रश्न प्रत्येक झाडापाशी विचारा. खिंप नावाच्या झुडपाच्या दोऱ्या, छप्परं, जनावरांचा चारा, पोटदुखीवरचं औषध, लोणचं... बोलणं इथून सुरू झालं की गाईड पाठ केलेलं सोडून स्वतःच्या गावाबद्दल सांगू लागतो. मग घाई करू नका. ‘पुढे काय आहे’ असं विचारणारा एक माणूस सगळ्यांची फेरी बिघडवतो. मोबाइल खिशात ठेवा, निदान नहरीत तरी.

बूट बंद घाला, सँडल नको. पाणी प्रत्येकी एक बाटली. काटे काढायला छोटा चिमटा असेल तर उत्तम. काहीही तोडू नका, पडलेलं बीसुद्धा उचलू नका. तिथे त्याच बियांवर पुढची रोपं अवलंबून आहेत, आणि नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगितलं की बरोबर समजतं.

दुपारी जेवायला जिथे जाल तिथे केर-सांगरी किंवा पंचकुटा मागवा. केर सकाळी पाहिलेला, सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या शेंगा, पंचकुट्यात कुमटच्या बिया आणि गुंदा, म्हणजे आपली भोकरं. मुलाने सकाळी ओळखलेला काटेरी कुमट ताटात आला की तो भाजी नक्की चाखून बघेल. घरी न्यायची असेल तर बाजारात सुकवलेला केर बारीक बघून घ्या; जितका बारीक तितका महाग आणि तितका चांगला. करण्याआधी ताकात किंवा मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि पाणी टाकून द्या, नाहीतर कडू लागेल.