ऑडिट ‘वेळेत’ म्हणजे नक्की कोणत्या तारखेला?

प्रश्न : मी व्यावसायिक परीक्षांचा अभ्यास करता करता एका कंपनीच्या अंतर्गत ऑडिट विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून काम करते. वर्षभरात माझ्या वाट्याला चार ऑडिट आली, त्यातली तीन उशिरा संपली. अप्रेझलच्या फॉर्मवर पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट म्हणून मी ‘सर्व ऑडिट वेळेत पूर्ण करणे’ असं लिहिलं. मॅनेजरनी फॉर्म परत केला आणि ‘मोजता येईल असं लिही’ म्हणाले. मग मी ‘९० टक्के ऑडिट वेळेत’ असं केलं, तर ते हसले. नेमकं काय लिहू? आणि चारातली तीन उशिरा झाली, म्हणजे हे क्षेत्र माझ्यासाठी नाही असं समजायचं का?

उत्तर : मॅनेजर का हसले असतील, ते आधी सांगते. वर्षाला चारच ऑडिट असतील तर तुझा निकाल शून्य, २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के यांपैकीच एक येणार. ९० कधी येणारच नाही. म्हणजे तू लिहिलंस ९० आणि कबूल करून बसलीस १००! सबंध विभागाच्या वार्षिक योजनेत चाळीस-पन्नास ऑडिट असतात, तिथे टक्केवारीला अर्थ आहे. एका माणसाच्या चार कामांना टक्के लावू नयेत, दिवस लावावेत.

मॅनेजर तुला उगाच पिडताहेत असं मात्र समजू नकोस. अंतर्गत ऑडिटची नवी जागतिक मानकं ९ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. विभागाच्या कामगिरीची उद्दिष्टं ठरवणं आणि ती मोजण्याची पद्धत आखणं, ही त्यांत विभागप्रमुखाची जबाबदारी धरली आहे. त्यातलाच एक तुकडा तुझ्या फॉर्मवर येऊन पडलाय.

आता मूळ अडचण. ऑडिट कोणत्या दिवशी संपलं असं धरायचं, हेच तुमच्याकडे ठरलेलं दिसत नाही. शेवटचा नमुना तपासून झाला त्या दिवशी? क्लोजिंग मीटिंग, म्हणजे तपासणीअखेरची निष्कर्षांवरची बैठक, झाली तेव्हा? ड्राफ्ट रिपोर्ट गेला तेव्हा, की ऑडिटीची, म्हणजे ज्याचं ऑडिट झालं त्या खात्याची, उत्तरं जोडून अंतिम रिपोर्ट निघाला तेव्हा? या टप्प्यांमध्ये आठवडेच्या आठवडे जाऊ शकतात. वित्तीय विवरणांच्या ऑडिटमध्ये तर रिपोर्टवर सही झाल्यावरही काम उरतं. आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक २३० प्रमाणे अंतिम फाइल जुळवून बंद करायला रिपोर्टच्या तारखेपासून साधारणपणे ६० दिवसांची मर्यादा धरतात. तेव्हा पेन हातात घेण्याआधी मॅनेजरना विचार की माझ्या बाबतीत शेवटची तारीख कोणती मोजणार. उत्तर ईमेलवर घे. तोंडी घेतलंस तर वर्षअखेरीला दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतील.

मग त्या चार फाइल उघड. प्रत्येक ऑडिटच्या सहा तारखा लिहून काढ : माहितीची यादी पाठवली कधी, सगळी माहिती हातात आली कधी, फील्डवर्क (प्रत्यक्ष तपासणी) संपलं कधी, क्लोजिंग मीटिंग कधी, ड्राफ्ट कधी, अंतिम रिपोर्ट कधी. दोन तारखांमधले कामाचे दिवस मोज. कोष्टक साधं आहे, पण हे काम टाळू नकोस. याशिवाय लिहिलेला कोणताही आकडा अंदाजपंचे असेल, आणि स्वतःच्या कामाला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज बहुधा कमीच निघतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीवर लिहिलं, तेव्हा त्यांचा रोख हाच होता : या खेपेच्या कामाचे बेत आखत बसण्यापेक्षा आधीच्या तशाच कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते पाहावं.

उशीर नेमका कुठे झाला ते कोष्टकात दिसेल. त्यातला काही तुझ्यामुळे झालेला असेल, काही नसेल, आणि ही वाटणी उद्दिष्ट लिहिण्याआधीच व्हायला हवी. तुला शिकवलेली ‘स्मार्ट’ उद्दिष्टांची (नेमकं, मोजता येणारं, मुदतीचं वगैरे कसोट्यांची) यादी जॉर्ज डोरान यांनी १९८१ मध्ये मांडली. त्यांच्या मूळ यादीत ‘हे काम कोणाच्या नावावर आहे’ ही एक कसोटी होती. पुढे बहुतेक ठिकाणी तिच्या जागी ‘साध्य होण्याजोगं’ आलं. माझ्या मते हा बदल नुकसानीचा झाला. कारण ‘अंतिम रिपोर्ट ४५ दिवसांत’ हे साध्य होण्याजोगं दिसतं, फक्त ते तुझ्या नावावर नसतं. माहिती ऑडिटी देतो, तुझ्या कामाची तपासणी सीनियर करतात, उत्तरं संबंधित खात्याचा प्रमुख देतो. एवढ्या लोकांच्या सवयींची हमी प्रशिक्षणार्थीने का घ्यावी?

म्हणून रिपोर्टची तारीख विभागाकडे राहू दे. तू तुझ्या हातातले टप्पे घे. माझ्या मते तीन पुरेत.

पहिला टप्पा माहितीचा. समोरचा माहिती कधी देईल ते तुझ्या हातात नाही, पण मागायची कधी आणि न आल्याचं सांगायचं कधी, ते आहे. असं लिहिता येईल : ‘फील्डवर्क सुरू होण्याच्या १० कामाचे दिवस आधी माहितीची यादी पाठवीन, आणि ३ दिवस आधी जे आलेलं नसेल त्याची नोंद सीनियरकडे देईन.’ उशीर झालाच तर तो कुठून सुरू झाला ते कागदावर राहील. (ही नोंद म्हणजे तक्रार नव्हे. नव्या मुलांना वाटतं की वर कळवलं तर समोरचा दुखावेल. नोंद त्रयस्थपणे लिहिली आणि दर वेळी ठरल्या दिवशीच गेली तर कुणी दुखावत नाही. अवचित गेली तर दुखावतं.)

दुसरा टप्पा निरीक्षणं लिहिण्याचा. माझा असा अंदाज आहे की तुझे दिवस इथेच गेले असतील, कारण नव्यांचे इथेच जातात. फील्डवर्क चालू असताना चुका सापडत जातात, त्या वहीत टिपल्या जातात आणि ‘शेवटी एकदम लिहू’ म्हणून राहतात. शेवटी लिहायला बसलं की कळतं, एका व्हाउचरची प्रत घेतलेली नाही, रक्कम नेमकी किती ते जुळत नाही, आणि ज्यांना विचारायचं ते रजेवर आहेत. मग एकेका निरीक्षणासाठी पुन्हा सगळीकडे फिरावं लागतं. तेव्हा उद्दिष्ट असं ठेव : ‘निरीक्षण सापडल्यापासून २ कामाच्या दिवसांत ते पुराव्यासह वर्किंग पेपरमध्ये (तपासणीच्या नोंदींच्या कागदांत) लिहीन आणि वस्तुस्थिती बरोबर आहे का, हे संबंधित व्यक्तीशी बोलून नोंदवीन.’ यात लिहायचं काय, तर निकष कोणता होता, प्रत्यक्षात काय आढळलं, कारण काय आणि परिणाम काय. या चार गोष्टी ताज्या असताना लिहिल्या की क्लोजिंग मीटिंगमध्ये ‘असं काही झालंच नाही’ हा वाद बहुधा होत नाही, आणि ड्राफ्टचं निम्मं काम झालेलं असतं. तीनपैकी एकच उद्दिष्ट घ्यायचं झालं तर हे घे.

तिसरा टप्पा रिव्ह्यू पॉइंट्सचा. सीनियरनी काढलेले मुद्दे २ कामाच्या दिवसांत निकाली, इतकं पुरे. फक्त मुद्दे शेवटी गठ्ठ्याने न येता आठवड्याला येतील का, ते सीनियरना आधी विचारून घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नुसते दिवस मोजणारं उद्दिष्ट ऑडिटमध्ये धोकादायक असतं. वेळेच्या दडपणाखाली ऑडिटर काय करतात, यावर १९७० च्या दशकापासून अभ्यास झाले आहेत आणि दोन गोष्टी त्यांत पुन्हा पुन्हा समोर येतात. एक, न केलेली किंवा अर्धवट केलेली तपासणी पूर्ण झाली म्हणून सही करणं. दोन, घरी बसून केलेले तास टाइमशीटवर न दाखवणं. पहिल्यामुळे रिपोर्ट खोटा पडतो. दुसऱ्यामुळे पुढच्या वर्षीचं नियोजनच चुकतं, कारण ६० तासांचं काम कागदोपत्री ४० तासांत झालेलं दिसतं आणि पुढच्या प्रशिक्षणार्थीला ४०च मिळतात. तू यातलं दुसरं करतेस का, ते मला माहीत नाही. करत असशील तर आजपासून थांबव.

म्हणून दिवसांच्या प्रत्येक आकड्याला गुणवत्तेचा एक आकडा जोड. रिव्ह्यू पॉइंट २ दिवसांत निकाली काढलास, तर ‘तोच मुद्दा दुसऱ्यांदा परत आला, असं एका ऑडिटमध्ये जास्तीत जास्त दोनदा’ हेही लिही. निरीक्षणं लवकर लिहिलीस, तर ‘ड्राफ्ट गेल्यावर वस्तुस्थिती चुकीची म्हणून काढावं लागलेलं निरीक्षण एकही नाही’ हे जोड. मॅनेजरना असं जोडलेलं उद्दिष्ट आवडेल, कारण घाईची किंमत शेवटी तेच मोजत असतात.

सरासरी मात्र कुठेही लिहू नकोस. एक ऑडिट २० दिवस उशिरा आणि दोन दहा-दहा दिवस लवकर झाली की सरासरीने सगळं वेळेत दिसतं. ‘प्रत्येक ऑडिटमध्ये’ असंच लिही.

तारीख पुढे ढकलायची वेळ येणारच. मध्येच स्कोप (तपासणीची व्याप्ती) वाढतो, एखादा संशयास्पद व्यवहार सापडतो आणि त्याच्या मागे जावंच लागतं. अशा वेळी सुधारित तारीख जुनी तारीख उलटण्याआधी लेखी मंजूर करून घ्यायची, आणि कोष्टकात जुनी आणि नवी दोन्ही ठेवायच्या. जुनी खोडली की प्रत्येक ऑडिट वेळेतच झालेलं दिसतं, मग मोजण्यात काही राम उरत नाही. ढकलायचं की नाही हे कळायला मध्यावर एकदा थांबून बघ : ठरलेले निम्मे दिवस संपले, ठरलेल्या चाचण्यांपैकी किती झाल्या? पावच झाल्या असतील तर त्याच दिवशी सीनियरकडे जा. तेव्हा स्कोप कमी करणं, कुणाची मदत घेणं किंवा तारीख हलवणं, असे तिन्ही पर्याय शिल्लक असतात. शेवटच्या आठवड्यात फक्त तिसरा उरतो.

या कोष्टकाचा आणखी एक उपयोग आहे. पुढे मुलाखतीत ‘मी वेळेचं पालन करते’ हे सगळेच म्हणतात. ‘क्लोजिंग मीटिंगनंतर ड्राफ्ट द्यायला मला आधी १८ दिवस लागायचे, आता ९ लागतात, आणि फरक निरीक्षणं लगेच लिहिल्यामुळे पडला’ असं सांगणारी उमेदवार वेगळी उठून दिसते. आकडे अर्थातच तुझे खरे सांग, आणि ऑडिटीचं नाव किंवा फाइलमधला तपशील त्यात येऊ देऊ नकोस. तिथे घसरलीस तर बाकीचं सगळं वाया जाईल.

राहिला प्रश्न क्षेत्राचा. चारातली तीन उशिरा, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कोष्टकात बहुतेक दिवस माहितीची वाट पाहण्यात गेलेले दिसले, तर तो तुमच्या विभागाच्या पद्धतीचा दोष आहे. लिहिण्यात गेलेले दिसले, तर ते कौशल्य आहे आणि सरावाने येतं. पण तारखा लिहिताना तुझ्या लक्षात आलं की प्रत्येक ऑडिटमध्ये दिवस चाचण्यांवर गेले, कारण तुला त्या सुरूच करवत नव्हत्या, आकडे आणि कागद ताडून पाहण्यातच तुला रस वाटत नव्हता, तर तो प्रश्न उद्दिष्टं लिहून सुटणारा नाही. तसं असेल तर परीक्षेचा पुढचा फॉर्म भरण्याआधी मला पुन्हा लिही, आणि सोबत ते कोष्टक पाठव. फाइलींची नावं खोडून.