वाचकांचे प्रश्न : पोशाखी इतिहास आणि हरवलेला अडसर

प्रश्न : ‘बाजीराव मस्तानी’मध्ये काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात. त्यावरून आमच्या घरात आजही दोन तट आहेत. याला कलास्वातंत्र्य म्हणावे की इतिहासाची मोडतोड?

उत्तर : मोडतोड आहेच, परंतु मला ती वेगळ्याच कारणाने खटकते. २०१५ साली या गाण्यावरून वाद झाला, तेव्हा पेशव्यांच्या घरातील स्त्री अशी नाचेल का आणि नऊवारी अशी नेसेल का, यावरच बहुतेकांचा भर होता. माझी तक्रार अशी, की ज्या दोघींमधील ताणावर कथेचा निम्मा भार आहे, तो ताणच त्या गाण्यात विरघळून जातो. नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या आणि घराने न स्वीकारलेल्या स्त्रीला काशीबाई समोरासमोर कशा सामोऱ्या गेल्या असतील, हा पटकथेपुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता आणि तो सोडवण्याऐवजी त्यावर ढोलकी वाजवली गेली. प्रियांका चोप्रा यांनी अन्य प्रसंगांत नुसत्या नजरेने ते दुखणे उभे केले आहे, त्यामुळे हळहळ अधिक वाटते. वाड्यातील आरशांच्या महालाबद्दल मात्र मी भांडणार नाही. १८२८ च्या आगीनंतर शनिवारवाड्याचे तट, दरवाजे आणि जोतीच प्रामुख्याने शिल्लक राहिली. त्या मोकळ्या जागेवर दिग्दर्शकाने आपल्या कल्पनेचा महाल बांधला, तर बांधू द्यावा.

प्रश्न : ऐतिहासिक चित्रपटांतील मराठी सरदार हिंदीत बोलतात, हे आपणांस खटकत नाही का?

उत्तर : नाही, कारण चित्रपट हिंदी आहे. दर चार वाक्यांनंतर एखादा मराठी शब्द पेरून वातावरण निर्माण झाल्याचे समाधान मानणे तेवढे खटकते.

प्रश्न : आपल्या मते जुना काळ कोणत्या हिंदी चित्रपटाला खरोखर साधला?

उत्तर : सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’ला (१९७७). प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोघे बुद्धिबळपटू अखेरीस तलवारी उपसून एकमेकांचा जीव घेतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवले. १८५६ मध्ये अवध कंपनी सरकारच्या घशात जात असताना हे दोघे पुन्हा पट मांडतात आणि तोही इंग्रजी पद्धतीने. मूळ कथेपासून ही फारकत मोठी असूनही ती मला खोटी वाटत नाही, कारण त्या काळातील निष्क्रियता तिच्यामुळे अधिक बोचरी होते. बदल करावा तर असा. या चित्रपटातही उंची वस्त्रे आहेत, हुक्के आहेत, नाचगाणी आहेत; परंतु घरातली बेगम दुर्लक्षाने जळते आहे, हे आपण क्षणभरही विसरत नाही. अलीकडच्या पोशाखी चित्रपटांत दागिने इतके जड झाले आहेत, की त्यांखालचे माणूस शोधावे लागते.

प्रश्न : पूर्वीच्या हिंदी प्रेमविनोदी चित्रपटांना येणारे हसू हल्लीच्या चित्रपटांना का येत नाही? आमचे वय झाले म्हणून का?

उत्तर : वय हे कारण असते, तर आपण जुन्या चित्रपटांनाही हसला नसता. माझे उत्तर एका शब्दाचे आहे : अडसर. दोन माणसांनी एकत्र यावे असे प्रेक्षकाला वाटले पाहिजे आणि त्यांच्या मध्ये काहीतरी खरे आडवे आले पाहिजे. बासू चटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’मध्ये अरुणचा भिडस्तपणाच आडवा येतो, सई परांजपे यांच्या ‘चश्मे बद्दूर’मध्ये (१९८१) मित्रांच्या थापा. दोन्ही अडसर लहान आहेत, परंतु ते माणसांच्या स्वभावातून आलेले असल्यामुळे त्यांतून उपजणारा विनोदही बाहेरून चिकटवावा लागत नाही. आज नायक-नायिकेला स्वतंत्र घर, पुरेसा पैसा आणि हातात मोबाइल असतो. त्यांना अडवणार कोण? मग लेखक मध्यंतरानंतर एखादा गैरसमज उभा करतो, जो एका फोनने मिटला असता, आणि आपण तासभर त्या न झालेल्या फोनची वाट पाहत बसतो. (माझ्या शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थांनी एकदा ‘अरे, लाव की फोन!’ असे मोठ्याने म्हटले होते. संपूर्ण चित्रपटगृह त्याच वेळी काय ते हसले.) ‘जब वी मेट’ (२००७) मला आवडला, तो याच कारणासाठी. रतलामच्या फलाटावर गाडी चुकवणारी गीत अखंड बोलत असते आणि उत्तरार्धात तीच गप्प झालेली दिसते. त्या मौनाचे कारण खरे आहे, म्हणून तिच्या आधीच्या बडबडीलाही मागाहून वजन येते.

प्रश्न : ज्या जुन्या चित्रपटांचे आपण कौतुक करता, त्यांतही नायक मुलीचा पाठलागच करतो. त्याचे काय?

उत्तर : आपला नेम बरोबर लागला आहे. अरुण बसथांब्यापासून प्रभाच्या मागे मागे जातो आणि हे मी अनेक वर्षे निरागस मानत आलो. माझी मुलगी शेजारी बसून तो चित्रपट पाहत होती तेव्हा मला प्रथमच जरा अवघडल्यासारखे झाले. बचावासाठी एवढेच म्हणेन, की प्रभाला त्याची चाहूल असते, तिला त्याची गंमत वाटते आणि दिग्दर्शक ते आपल्याला दाखवतो. पुढील दशकांतील कित्येक नायकांनी स्पष्ट नकार ऐकूनही पाठ सोडली नाही, ते प्रकरण निराळे. माझ्या मुलीला मात्र हा बचाव अर्धाच पटला आहे.