'कमिट केलं' याला मराठीत काय म्हणावं?

न्यू जर्सीतल्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी हा प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलानं निबंधात वाक्य लिहिलं, 'दादाचा मित्र पेन स्टेटला वचनबद्ध झाला.' हा मित्र हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतो आणि पुढे पेन स्टेट विद्यापीठाकडून खेळायचं त्यानं जाहीर केलं आहे, एवढंच मुलाला सांगायचं होतं. वाक्य ताईंना खटकलं, पण त्या जागी काय लिहावं ते सुचेना. पालकांपैकी कुणी 'बांधिलकी' सुचवलं, कुणी 'करारबद्ध', कुणी 'शब्द दिला'. घरी तर सगळेच 'कमिट' म्हणतात, त्यातही काही जण 'कमिट केलं' आणि काही 'कमिट झाला'. यातलं बरोबर काय?

माझं उत्तर आधी सांगतो: 'पेन स्टेटला होकार दिला.' असं का, ते समजायला तिथली रीत माहीत हवी. या शब्दाचं सगळं वजन त्या रीतीत आहे.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूचा. या खेळात मोठ्या कॉलेजांचे प्रशिक्षक हायस्कूलच्या मैदानांवर मुलं हेरत फिरतात. मूल नववीत असतानाच 'तुला शिष्यवृत्ती देतो, आमच्याकडे ये' असं तोंडी सांगणं सर्रास चालतं. लेखी देकार मात्र बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देता येत नाही. शिष्यवृत्तीच्या कागदावरची सही त्याच्याही नंतर. पूर्वी ती फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी होत असे. २०१७ पासून डिसेंबरात आणखी एक मुदत आली, आणि आता बहुतेक मुलं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सही करून मोकळी होतात. म्हणजे पहिल्या तोंडी बोलण्यापासून सहीपर्यंत तीन-तीन वर्षं जाऊ शकतात. या मधल्या काळात केव्हातरी मुलगा सांगतो, 'माझं ठरलं, मी अमुक कॉलेजात जाणार.' या सांगण्याला तिथे 'कमिट' म्हणतात. समोर चार-पाच कॉलेजांच्या टोप्या मांडायच्या आणि त्यातली एक उचलून डोक्यावर चढवायची, असा त्याचा सोहळाही होतो.

आता मुख्य गोष्ट. हे सांगणं कुणालाच बांधत नाही. मुलाला नाही आणि कॉलेजलाही नाही. कागद नाही, सही नाही, दंड नाही. सहीच्या दिवसापर्यंत मुलगा दुसरीकडे जाऊ शकतो, आणि प्रशिक्षकही 'आता आमच्याकडे जागा उरली नाही' म्हणू शकतो. त्यामुळे मराठी शब्द निवडताना मला एकच कसोटी महत्त्वाची वाटते: तो शब्द किती बांधतो?

या कसोटीवर 'वचनबद्ध' लगेच गळतो. त्यात 'बद्ध' आहे, म्हणजे बांधलेला, आणि हा मुलगा तर मोकळाच आहे. शिवाय 'शासन वचनबद्ध आहे', 'ग्राहकांच्या सेवेसाठी वचनबद्ध' अशा वाक्यांत हा शब्द इतका मुरला आहे की त्याच्यापुढे कशासाठी ते यावं लागतं. एखाद्या विद्यापीठाला माणूस वचनबद्ध होत नाही. 'बांधिलकी' तर आणखी लांबची. ती विचाराशी असते, समाजाशी असते, वर्षानुवर्षांच्या वागण्यातून दिसते. सतरा वर्षांच्या मुलानं टोपी घातली म्हणून बांधिलकी तयार होत नाही.

'करारबद्ध' हा शब्द क्रीडापानांवर रुळलेला आहे, म्हणून तो सुचणं स्वाभाविक. पण त्याची वाक्यरचना बघा. 'क्लबनं त्याला करारबद्ध केलं.' कर्ता क्लब, कर्म खेळाडू. आपल्या वाक्यात कर्ता तो मुलगा आहे आणि करार तर झालेलाच नाही. तेव्हा हाही बाद.

'शब्द दिला' मात्र सहज बाजूला सारता येत नाही. अस्सल मराठी आहे, तोंडी आहे, छोटा आहे. तरी मी तो टाळीन, कारण मराठीत दिलेल्या शब्दामागे मोठी नैतिक जबाबदारी येते. दिल्या शब्दाला जागायचं असतं, शब्द खाली पडू द्यायचा नसतो. 'शब्द दिला' लिहिलं की पुढे मुलानं विचार बदलला तर 'शब्द मोडला' लिहिणं ओघानं आलंच, आणि तो सरळसरळ आरोप आहे. मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी काही बोलतो, तोवर तिथला प्रशिक्षक नोकरी सोडून जातो, त्याच्याच जागेवर खेळणारी आणखी दोन मुलं कॉलेज घेऊन ठेवतं, आणि शब्द मोडल्याचा ठपका मात्र मुलावर. हे मला अन्यायाचं वाटतं. इंग्रजीतही हा कल आहेच. मुलाच्या माघारीला खास क्रियापद आहे, 'डीकमिट'. कॉलेजनं अंग काढून घेतलं की नुसतं 'ऑफर काढली' म्हणायचं, म्हणजे जणू एक कागद सरकवला. मराठीत नव्यानं शब्द ठरवायची संधी आहे, तर दोन्ही बाजूंना सारखाच मोकळा ठेवणारा शब्द का घेऊ नये?

तो शब्द आपल्याकडे लग्न जुळवण्याच्या बोलीत तयारच आहे. तिथे स्थळ सांगून येतं, बघण्याचा कार्यक्रम होतो, मागणी घातली जाते, मग होकार किंवा नकार कळवतात. होकार म्हणजे 'हो' म्हणणं, नकार म्हणजे 'न' म्हणणं. दोन्ही शब्द सोलून ठेवल्यासारखे साफ आहेत. होकारानं गोष्ट पुढे सरकते, पण लग्न लागत नाही. होकार कळवल्यावरही काही कारणानं ते बारगळतं, तेव्हा दोन्ही घरांना वाईट वाटतं, पण कुणी कुणावर दावा लावत नाही. तिथल्या फुटबॉलमधल्या 'कमिट'चं वजन नेमकं एवढंच आहे. 'रुकार' हाही याच अर्थाचा शब्द आहे आणि मला तो फार आवडतो, पण निबंध लिहिणाऱ्या मुलाला 'होकार' लवकर कळेल.

एकदा 'होकार' धरला की त्याच्या आजूबाजूचे शब्दही आपोआप सापडतात. 'ऑफर' म्हणजे मागणी. 'त्याला बारा कॉलेजांकडून मागणी आली' हे वाक्य कुठल्याही मराठी माणसाला विनासायास कळतं, आणि मागणी घालणारा कोण, ती कुणाला आली, हेही त्यात चुकत नाही. या व्यवहाराला 'भरती' म्हणू नये असं मला वाटतं ते याच कारणानं. पोलीस भरतीत, सैन्यभरतीत उमेदवार अर्ज घेऊन दारात जातो. इथे नावाजलेला मुलगा असला तर प्रशिक्षक त्याच्या घरी सोफ्यावर येऊन बसतो, आणि मुलाला कॉलेज बघायला बोलावलं की येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कॉलेज करतं. हेरणं, पारखणं, मागणी घालणं ही क्रियापदं इथे जास्त खरी आहेत.

तिथे एक खुबीदार भेद करतात. काही मागण्या अशा असतात की त्यांना 'हो' म्हटलं तर जागा मिळेलच असं नसतं. प्रशिक्षकाला फक्त ओळख राखून ठेवायची असते. तिला मराठीत मागणी म्हणू नये, 'विचारणा' म्हणावं. विचारणा आणि मागणी यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. तसंच 'सॉफ्ट कमिट'ला कच्चा होकार आणि 'हार्ड कमिट'ला पक्का होकार. फक्त प्रशिक्षकाला कळवून बाहेर मौन पाळलं, तर 'आतून होकार दिला आहे'. 'आतून' या शब्दानं केवढं काम केलं बघा.

'जाहीर करणं' या क्रियापदाबाबत मात्र लग्नाची बोली पुरी पडत नाही. अमेरिकेत कॉलेज क्रीडेचं नियमन करणारी संस्था, एनसीएए, तिचा नियम असा की सही होईपर्यंत प्रशिक्षकानं त्या मुलाबद्दल जाहीरपणे बोलायचं नाही. म्हणून मुलानं टोपी घातली तरी प्रशिक्षक त्याचं नाव घेत नाही. होकार जाहीर करतो तो मुलगाच. तेव्हा बातमीत 'पेन स्टेटनं त्याचा होकार जाहीर केला' असं लिहू नका, ते शक्यच नाही.

आता माघारीचे शब्द. 'डीकमिट' म्हणजे होकार मागे घेतला. 'फ्लिप' म्हणजे एका ठिकाणचा होकार फिरवून दुसरीकडे दिला. 'फिरवणं' पुरेसं आहे. 'फुटला', 'फितला' हे शब्द राजकारणातून आणि कोर्टातून आले आहेत, ते मुलांच्या अंगावर टाकू नयेत. प्रत्यक्ष उदाहरणांवर घासून बघू. मिशिगनमधल्या बेलव्हिल गावचा क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ब्राइस अंडरवूड यानं जानेवारी २०२४ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाला होकार दिला होता. नोव्हेंबरात, सहीला दोन आठवडे उरले असताना, त्यानं तो फिरवून मिशिगन विद्यापीठाला दिला. ट्रॅव्हिस हंटरचं त्याहून गाजलं. फ्लोरिडा स्टेटला त्यानं फार आधीपासून होकार दिलेला होता, आणि १५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन सहीच्या दिवशी, त्यानं जॅक्सन स्टेट या मिसिसिपीतल्या, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या विद्यापीठाची निवड केली. देशातला अव्वल समजला जाणारा खेळाडू खालच्या गटातल्या संघाकडे गेला, म्हणून सगळे चकित झाले. 'हंटरनं सहीच्या दिवशी होकार फिरवला' या वाक्यात सगळी खळबळ येते, आणि शिवी एकही येत नाही.

रायन विल्यम्सचं उदाहरण मला सगळ्यांत जास्त पटतं. हायस्कूलमधल्या या खेळाडूनं अलाबामा विद्यापीठाला होकार दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये तिथले प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले, तेव्हा त्यानं होकार मागे घेतला. त्याच महिन्यात नवे प्रशिक्षक केलन डिबोर आल्यावर त्यानं अलाबामालाच पुन्हा होकार दिला. आता हेच 'शब्द' वापरून सांगून बघा: शब्द दिला, शब्द मोडला, पुन्हा शब्द दिला. मुलगा चंचल वाटू लागतो. प्रत्यक्षात ज्या माणसाकडे बघून त्यानं 'हो' म्हटलं होतं तो माणूसच उठून गेला होता. 'होकार मागे घेतला' म्हटलं की हे समजून घ्यायला जागा राहते.

सहीचं प्रकरण निराळं आहे आणि तिथे शब्दही निराळाच हवा. १९६४ पासून मुलं ज्या कागदावर सही करत त्याचं नाव होतं 'नॅशनल लेटर ऑफ इन्टेंट'. 'लेटर ऑफ इन्टेंट'ला महाराष्ट्रात 'इरादापत्र' हा शब्द सरकारी व्यवहारात आहे. नव्या कॉलेजला परवानगीआधी शासन देतं ते इरादापत्र. नावात नुसता इरादा असला तरी फुटबॉलचा हा कागद चांगलाच बांधत असे. कॉलेजनं एक वर्षाची शिष्यवृत्ती द्यायची, मुलानं एक वर्ष तिथेच शिकायचं, बाकीच्या कॉलेजांनी त्याचा पिच्छा सोडायचा, आणि मुलगा फिरलाच तर त्याचं खेळण्याचं एक वर्ष पणाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे पत्र रद्द झालं. आता शिष्यवृत्तीच्या लेखी करारावरच सही होते, आणि ती झाल्यावर इतरांनी मुलाशी संपर्क करायचा नाही, हा नियम कायम आहे.

होकार आणि सही यांतलं अंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये फ्लोरिडातल्या अ‍ॅलेक्स कॉलिन्सच्या घरी दिसलं. त्यानं आर्कान्सास विद्यापीठाला होकार जाहीर केला होता. सहीच्या दिवशी शाळेत समारंभ ठरलेला. पण खेळाडू एकवीस वर्षांच्या आतला असेल तर त्या पत्रावर पालकाचीही सही लागे, आणि आईला हे कॉलेज मान्य नव्हतं. ती पत्रच घेऊन निघून गेल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवशी सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांना बरोबर घेऊन त्यानं ती केली. होकार एकट्या मुलाचा होता, सही घराची होती. म्हणून 'साइनिंग डे'ला मी 'सहीचा दिवस' म्हणतो, आणि 'होकार दिला'च्या जागी 'सही केली' कधीच लिहीत नाही.

बोलण्यातल्या 'कमिट'चं व्याकरण सांगायचं तर दोन्ही रूपं चालतात, पण अर्थात थोडं अंतर पडतं. 'त्यानं पेन स्टेटला कमिट केलं' यात त्याचा निर्णय दिसतो. 'तो पेन स्टेटला कमिट झाला' यात त्याची स्थिती दिसते, 'नोकरीत कायम झाला' म्हणतो तशी. स्थिती इथे कायम नसते, म्हणून मी 'केलं'च्या बाजूचा. 'तो पेन स्टेटचा कमिट आहे' असं नाम करून मुलं बोलतात, त्याला मराठी प्रतिशब्द मला सापडलेला नाही. 'पेन स्टेटकडे ठरलेला' हे वाक्यात खपतं, पण मथळ्यात बसत नाही. तिथे 'कमिट' राहू द्यावा.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा शब्द खेळाबाहेरही येतो, ते वेगळं ठेवायला हवं. मुलीला तीन कॉलेजांत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि १ मेच्या आत तिनं एकाची अनामत भरली, की आई फोनवर सांगते, 'हिनं पर्ड्यूला कमिट केलं.' इथे पैसे भरले आहेत, जागा राखली गेली आहे. याला इकडचे विद्यार्थी म्हणतात तसं 'प्रवेश निश्चित केला' म्हणावं. होकार नव्हे.

आणि 'करारबद्ध' मी कायमचा बाद केलेला नाही. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजं उत्पन्नातला वाटा त्यांना थेट देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका कॉलेजला सर्व खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. यासाठी कॉलेज आणि खेळाडू यांच्यात खरोखरीचे करार होतात. अशा कागदावर मुलानं सही केली की 'मिशिगननं त्याला करारबद्ध केलं' हे वाक्य अर्थानं आणि व्याकरणानंही बरोबर ठरतं. सहीच्या आदल्या रात्रीपर्यंत मात्र त्यानं दिलेला असतो तो होकार, आणि निबंधातल्या वाक्यात ताईंनी तोच लिहावा.