शाकाहारी आहे, डाळीही सोडल्या, तरी यूरिक अ‍ॅसिड ८.२ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय ३८, वजन ९४ किलो, मांसमच्छी नाही, दारू नाही, एकदा पायाचा अंगठा लालबुंद सुजला तेव्हापासून तूरडाळ, पालक, टोमॅटो सगळं बंद केलंत, तरी यूरिक अ‍ॅसिड ८.२ वरून हलत नाही, आणि क्रिएटिनिन ०.९ म्हणजे किडनी तर ठीक आहे, मग हे येतंय कुठून? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४० आहेत आणि बीपी जरा वर असतं. अहो, उत्तर त्या शेवटच्या ओळीतच आहे.

मी जनरल प्रॅक्टिस करतो, असे पेशंट माझ्याकडे सारखे येतात. आधी डाळ सुरू करा बघू. मटण, कलेजी, मासे, बिअर यांनी यूरिक अ‍ॅसिड वाढतं हे खरं, पण डाळी-पालकामुळे गाऊट, म्हणजे सांध्यात याचे स्फटिक साठून अंगठा सुजतो तो आजार, वाढतो असं मोठ्या अभ्यासांत काही दिसलेलं नाही, आणि दूध-ताकाने तर धोका थोडा कमीच होतो. शाकाहारी माणसाचं प्रोटीन काढून घ्यायचं आणि त्या जागी दोन पोळ्या जास्त, हा उलटा कारभार आहे.

आता किडनीचं. क्रिएटिनिनवरून फक्त रक्त किती गाळलं जातंय तेवढं कळतं. यूरिक अ‍ॅसिडची गोष्ट गाळल्यानंतर सुरू होते, कारण गाळलेल्यातलं साधारण ९० टक्के किडनीच्या सुरुवातीच्या नळ्या परत रक्तात ओढून घेतात. म्हणजे भंगारवाल्याला दहा वस्तू काढून द्यायच्या आणि त्यातल्या नऊ परत घरात आणायच्या, असा प्रकार. हे परत ओढायचं काम नळीच्या पेशींवरची काही प्रोटीन्स करतात, त्यातलं मुख्य युरॅट-१, ते २००२ साली सापडलं. म्हणून गाळणी उत्तम असूनही रक्तात यूरिक अ‍ॅसिड साठू शकतं, आणि बहुतेकांचं असंच साठतं, जास्त तयार झाल्यामुळे कमी आणि बाहेर न गेल्यामुळे जास्त.

यात पोटाची चरबी कुठे येते? तुमचं वजन, ट्रायग्लिसराइड आणि बीपी तिकडेच बोट दाखवतात. पोटाच्या आत चरबी साठली की स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, मग स्वादुपिंड अजून इन्सुलिन ओततं. गंमत अशी की स्नायू बहिरे झाले तरी किडनीच्या नळ्यांना इन्सुलिन व्यवस्थित ऐकू येत असतं, आणि त्यांना ते सांगतं की सोडियम धरून ठेव, यूरिक अ‍ॅसिड धरून ठेव. धडधाकट लोकांना काही तास इन्सुलिन देऊन बघितलंय, लघवीतून जाणारं सोडियम आणि यूरिक अ‍ॅसिड दोन्ही कमी झालं. तुमचं बीपी आणि यूरिक अ‍ॅसिड जोडीने का वाढलंय ते आता लक्षात येईल. शिवाय साखर आहेच, तिच्यातलं फ्रुक्टोज लिव्हरमध्ये फुटताना थेट यूरिक अ‍ॅसिड बनतं, त्यामुळे टोमॅटो सोडून रोज कोल्ड्रिंक किंवा पॅकबंद ज्यूस पीत असाल तर काय बोलायचं!

कंबर मोजा. पेशंटला विचारलं की हमखास पॅन्टचा नंबर सांगतात, ३६ इंच, म्हणजे साधारण ९१ सेंटिमीटर. पण पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो, बेंबीजवळ टेप लावला की १०४ सेंटिमीटर निघतात. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही मर्यादा धरतात. आणि लघवीचा साधा रिपोर्ट काढा, त्यात पीएच नावाची ओळ असते, लघवी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारी (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), तिकडे कोणी बघतच नाही. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये, म्हणजे पोटाची चरबी, वाढलेलं बीपी, ट्रायग्लिसराइड आणि साखर अशा गोष्टी एकत्र येतात तेव्हा, किडनी आम्ल शोषून घेणारा अमोनिया कमी बनवते, लघवी आम्लधर्मी राहते, आणि पीएच सतत ५.५ च्या खाली असेल तर यूरिक अ‍ॅसिडचे खडे होतात, जे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतही नाहीत, सोनोग्राफी करावी लागते.

वजन हळूहळू उतरवा. झटपट उतरवायला कडक उपवास केलेत तर शरीरात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) वाढतात, तेही किडनीला यूरिक अ‍ॅसिड सोडू देत नाहीत, आणि ऐन उपवासात अंगठा पेटतो, हे मी पेशंटमध्ये पाहिलंय. गोड पेयं बंद, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी, रोज दम लागेल असं चालणं, एवढ्यानेही इन्सुलिन खाली येतं.

बीपीची गोळी चालू असेल तर कोणती ते बघा. थायझाइड गटातल्या (लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या) गोळ्यांनी यूरिक अ‍ॅसिड वाढतं, लोसार्टनने थोडं कमी होतं. मनाने बदलू नका, पण डॉक्टरांना विचारा नक्की. रक्तात साधारण ६.८ च्या वर त्याचे स्फटिक बनू शकतात, म्हणून गाऊट असलेल्याला ६ च्या खाली आणायचं असतं. अंगठा परत सुजायला लागला तर नुसत्या पथ्यावर थांबू नका, अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट हे ते कमी करणारं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावं लागेल. ते सुरू केल्यावर पहिले काही महिने जुने स्फटिक विरघळताना उलट दुखणं उठू शकतं, त्यासाठी सोबत वेगळी गोळी देतात, तेव्हा घाबरून औषध सोडू नका, फोन करून विचारा.