पक्षाघातानंतर ताठरलेल्या पोटरीची सोनोग्राफी करावी का?

पक्षाघातानंतर वडिलांचा पाय ताठरला आहे, पोटरीची सोनोग्राफी करून काही कळेल का आणि ती किती वेळा करावी, असे आपण विचारले आहे. जरूर करावी. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी हे सांगतेच. पण त्याहून जास्त पुतणी म्हणून सांगते.

माझ्या काकांची डावी टाच पक्षाघातानंतर दीड वर्षाने जमिनीला टेकेनाशी झाली. हाताने ताठरपणा जोखण्याची ॲशवर्थ श्रेणी (० ते ४) ३ भरली, पोटरीत बोट्युलिनमचे, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिले, फरक पडला नाही, म्हणून उपचार करणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मात्रा वाढवायचे ठरवले. मज्जातंतूंमुळे येणारा ताठरपणा झटक्यात वळवल्यावर जास्त जाणवतो; काकांचा घोटा अगदी सावकाश वळवला तरी तितकाच अडत होता, म्हणजे हा अडथळा केवळ मज्जातंतूंचा नसून स्नायूच आखडला असावा, असे मी म्हटले. ‘हाताला कळते ते यंत्राला कळत नाही’ एवढ्यावर माझी बोळवण झाली. दुसऱ्या इंजेक्शननेही टाच खाली आली नाही.

अखेर मी हट्टाने सोनोग्राफी करून घेतली. निरोगी पोटरी पडद्यावर काळसर दिसते, तिच्यात बारीक तिरप्या पांढऱ्या रेघा असतात आणि तळाशी हाडाची लख्ख कड उमटते. काकांची उजवी पोटरी तशीच होती. डावीकडे प्रोब (त्वचेवर फिरवायचा यंत्राचा भाग) नेताच सगळा स्नायू राखाडी-पांढरा, पातळ आणि हाडाची कड पुसट दिसली. डॉक्टर हेकमॅट यांनी १९८२ मध्ये मुलांच्या स्नायूविकारांसाठी मांडलेल्या, स्नायूचा पांढरेपणा जोखणाऱ्या चार पायऱ्यांपैकी ही तिसरी. स्नायूची जागा चरबीने आणि तंतुमय ऊतीने घेतली की असे दिसते, आणि अशा पोटरीत बोट्युलिनमचा गुण कमी येतो, हे इटलीत पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही आढळले आहे. काकांच्या बाबतीत मात्रा वाढवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने प्लास्टर घालून ताण देण्याचा विचार आधी व्हायला हवा होता. ते दोन इंजेक्शनांचे महिने वाया गेले, ही खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

सोनोग्राफी स्नायूची रचना दाखवते, मज्जातंतूंची अतिसक्रियता मात्र दाखवत नाही. त्यामुळे हाताने तपासणे सुटत नाही. प्रोब किंचित कलला, जास्त दाबला गेला किंवा यंत्राचा गेन (प्रतिमेचा उजळपणा कमी-जास्त करणारी सोय) बदलला तरी पांढरेपणा बदलतो. उतारवयात स्नायू मुळातच थोडा पांढरट दिसतो, म्हणून दुसऱ्या पायाशी तुलना हवीच. किती वेळा करावी याचा ठरावीक आकडा नाही. मी प्रत्येक इंजेक्शनाच्या निर्णयाआधी करून घेते. वडिलांची मात्रा वाढवण्याची भाषा निघाली, तर दोन्ही पोटऱ्यांच्या प्रतिमा शेजारी ठेवून दाखवा असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, आणि त्या पाहिल्याशिवाय संमती देऊ नका.