अहवाल कोणता द्यावाच लागतो आणि कोणता थांबवता येतो?

प्रश्न : मी उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. गृहभेटी, लसीकरण सत्र आणि गरोदर मातांची तपासणी आटोपल्यावर नोंदींचे काम सुरू होते. आर.सी.एच. (प्रजनन व बाल आरोग्य) नोंदवही भरायची, तीच माहिती पोर्टलवर चढवायची, मासिक अहवाल करायचा. आणि तेवढ्यात व्हॉट्सॲप गटावर ‘आजच सादर करावे’ म्हणून नवे प्रपत्र येते, ज्यातील बहुतेक आकडे मी आधीच दिलेले असतात. यांतील काही मी नाकारू शकते का?
– एक आरोग्यसेविका, मराठवाडा

उत्तर : थेट नकार देण्याचा सल्ला आम्ही देणार नाही, कारण शिस्तभंगाचा प्रश्न आपल्यावरच उलटेल. मात्र प्रत्येक अहवालाचा आधार विचारण्यास काहीच हरकत नाही, आणि तो विचारला की ओझ्याचे खरे स्वरूप दिसू लागते. काही माहिती देणे टाळताच येत नाही : जन्म-मृत्यूची नोंद 1969 च्या कायद्यानुसार 21 दिवसांत व्हायला हवी, क्षयरुग्णाची सूचना 2012 पासून बंधनकारक आहे आणि मातामृत्यू 24 तासांत कळवायचा असतो. यांत काटछाट सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

अडचण आहे ती एकाच माहितीच्या अनेक प्रतींची. एच.एम.आय.एस. ही आरोग्य माहिती व्यवस्थापन प्रणाली 2008 मध्ये सुरू झाली, माता व बालकांच्या नोंदींची स्वतंत्र प्रणाली त्यापाठोपाठ आली आणि पुढे तिची जागा आर.सी.एच. पोर्टलने घेतली, क्षयरोगासाठी निक्षय, असंसर्गजन्य आजारांसाठी वेगळे पोर्टल आणि साथरोगांसाठी 2021 मध्ये आय.एच.आय.पी. हे पोर्टल अशी भर पडत गेली. प्रत्येक प्रणालीचा हेतू रास्त होता, परंतु प्रत्येक कार्यक्रमाचा निधी, अधिकारी आणि आढावा वेगळा असल्यामुळे प्रत्येकाने आपापली नोंद मागितली, आणि नवे पोर्टल आले म्हणून जुनी नोंदवही बंद करण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच राहिली नाही. अंगणवाडीत हाच प्रकार दिसतो : बालकाचे वजन सेविका पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरते आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा येऊन त्याच बालकाचे वजन आपल्या नमुन्यात लिहून नेते, कारण दोन विभागांच्या नोंदी एकमेकींशी बोलत नाहीत. 2021 मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी शासनाचे मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा निकृष्ट फोनइतकाच ॲपमध्ये मराठी नसण्याचाही रोष होता. कागद जाऊन फोन आला म्हणजे काम कमी झाले, हे गृहीत धरणाऱ्यांनी ते आंदोलन आठवावे.

आता तातडीच्या प्रपत्रांबद्दल. आपले आकडे पोर्टलवर असतात आणि ते पाहण्याची सोय वरिष्ठ कार्यालयाकडे असते; तरीही ते पुन्हा मागितले जातात, याचे कारण बहुधा आळस नसून तारीख असते. आढावा बैठक महिन्याच्या पहिल्या काही दिवसांत लागते, पोर्टलवरची मासिक नोंद तोपर्यंत पूर्ण झालेली नसते, म्हणून बैठकीला जाणारा अधिकारी खालून आकडे गोळा करतो. बैठक चार-पाच दिवस पुढे सरकवली आणि सादरीकरणात पोर्टलवरचेच आकडे वापरायचे ठरले, तर यांतली कितीतरी प्रपत्रे एकही शासन निर्णय न निघता बंद होतील.

आपण एवढे करावे : महिनाभर मागितलेल्या प्रत्येक माहितीपुढे ती कोणी मागितली, कोणत्या परिपत्रकाने मागितली आणि ती आधीच कोठे नोंदवलेली आहे, हे लिहून ठेवावे व ही यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. एकट्या सेविकेची तक्रार बाजूला ठेवली जाते. केंद्रातील सर्व उपकेंद्रांची एकत्रित यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना वाचावी लागते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार कर्मचारी वापरत असलेले नियम, सूचना आणि अभिलेख कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असतात, याचाही उल्लेख सौम्य शब्दांत करता येईल.

प्रश्न : ‘निरंक’ अहवालांना काही अर्थ आहे का? काहीच घडले नाही, हे दर आठवड्याला लिहून काय साधते?
– एक वैद्यकीय अधिकारी, विदर्भ

उत्तर : सर्वच निरंक अहवालांना एका मापाने मोजू नये. पोलिओवर लक्ष ठेवण्यासाठी होणाऱ्या लुळेपणाच्या सर्वेक्षणात निरंक अहवाल हाच पुरावा असतो, कारण अहवाल न येणे आणि रुग्ण नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पोलिओ नसतानाही 15 वर्षांखालील एक लाख मुलांमागे दरवर्षी लुळेपणाचा किमान एक रुग्ण सापडणे अपेक्षित असते. तो सापडत नसेल तर शोध कमी पडला, असे मानले जाते. भारतातील शेवटचा वन्य पोलिओचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यामागे अशा सर्वेक्षणाचा मोठा वाटा होता. याउलट, ज्या महिन्यात शिबिर ठरलेलेच नव्हते त्या महिन्याचा शिबिराचा निरंक अहवाल कोणाच्याही निर्णयाला उपयोगी पडत नाही, आणि असे अहवाल त्रैमासिक करावेत किंवा शिबिर झाल्यावरच मागवावेत, असा प्रस्ताव आपण आपल्या सहीने पाठवू शकता.