विचारा, सांगतो : चार मजली इमारतीत होत काय होतं?

प्रश्न : काका, आमच्या गावाबाहेर (अकोट तालुका) एक बंद तेलगिरणी आहे. टिनं उडालेली शेडं, अन् मधोमध एक अरुंद, चार मजली उंच इमारत. आत धड मजले नाहीत, नुसते लोखंडी जिने अन् पाइप. आमचे आबा म्हणतात, इथं डालडा बनायचा अन् संपामुळे गिरणी बुडाली. हे खरं का? मागची पडीक जागा आम्ही घेतली आहे. तिथं राखाडी मातीचे ढीग आहेत. पेरता येईल का?

उत्तर : आबांना माझा रामराम सांगा अन् आवारात एक चक्कर मारा. जमिनीत बांधलेला मोठा गोल हौद दिसतो का बघा. वनस्पती तूप करायचं तर बंद भांड्यात, दाबाखाली, निकेलच्या भुकटीसोबत तेलात हायड्रोजन सोडावा लागतो. तो वायू साठवायला पाण्यात तरंगणारी लोखंडी टाकी लागायची, तिचा तो हौद. हौद नसेल तर वनस्पतीचा कारखाना नव्हता असं समजायला हरकत नाही. डालडा तर नाहीच. १९३७ साली बाजारात आलेला तो मुंबईच्या मोठ्या कंपनीचा माल. इथून शुद्ध केलेलं सरकीचं तेल वनस्पतीवाल्यांकडे जात असावं, एवढंच आबांच्या बोलण्यात तथ्य.

तुमची उंच इमारत म्हणजे रिफायनरी. तेलाचा वास काढायला ते दोनशे अंशांच्या वर तापवून, हवा ओढून घेतलेल्या भांड्यात खालून वाफ सोडतात. ती वाफ वर पाण्याच्या फवाऱ्यात थंड होते अन् पाणी एका उभ्या पाइपातून खाली वेगळ्या हौदात उतरतं. भांड्यात निर्वात असल्यामुळे हवेचा दाब हौदातलं पाणी त्या पाइपात सुमारे दहा मीटर वर चढवतो. पाइप त्याहून उंच नसेल तर पाणी थेट भांड्यात शिरेल. म्हणून उंची. मजले नाहीत, कारण तिथं माणसाचं काम व्हॉल्व्ह फिरवायचं अन् खाली उतरायचं.

मी नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेलतंत्र शिकलो. कामठीच्या रावबहादूर लक्ष्मीनारायणांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली ती संस्था. पुढं नोकरीचा मोठा काळ तुमच्याच पट्ट्यातल्या एका गिरणीच्या प्रयोगशाळेत गेला. सरकीचं कच्चं तेल तुम्ही पाहिलं नसेल. काळपट लाल, जवळजवळ डांबरासारखं. त्यात गॉसिपॉल असतो, कीड लागू नये म्हणून कपाशीनं स्वतःसाठी केलेलं विष. मोठ्या कढईत तेल ढवळत कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडायचं. आम्ही काचेच्या नळीत नमुना धरून उभे राहायचो. आधी सगळं गढूळ व्हायचं, मग एकाएकी कण फुटायचे, म्हणजे गाळ तेलातून सुटा व्हायचा, अन् काळा गाळ खाली बसायला लागायचा. कण फुटले की ढवळणं मंद करायचं. तो क्षण हुकला की चांगलं तेलही साबणात जायचं. वर राहायचं पिवळंधमक तेल. खालचा गाळ, सोपस्टॉक, साबणवाले न्यायचे. ओली सरकी गंजीत तापलेली असली तर तेलात आम्ल वाढायचं अन् गाळही वाढायचा. मालकाचा चेहरा पाहून कळायचं, सरकी कशी आली आहे.

आता बुडण्याचं. संप झाले, नाही म्हणत नाही. शेठनं पैसा दुसरीकडे वळवला असंही प्रत्येक गावात सांगतात. पण गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा सगळीकडे एकच पुढारी अन् एकच शेठ नव्हता ना!

मूळ दुखणं हंगामाचं. सरकी येणार दिवाळीनंतर, उन्हाळ्यापर्यंत संपणार. पुढं बॉयलर थंड, पगार चालू. शंभर किलो सरकीत तेल सतरा-अठरा किलो, पण एक्स्पेलरमधून, म्हणजे सरकी दाबून तेल काढणाऱ्या यंत्रातून, हाती यायचं अकरा-बारा. बाकी ढेपेत, म्हणजे उरलेल्या चोथ्यात, जायचं. सॉल्व्हंट (तेल विरघळवणारं रसायन) लावून तेही काढता आलं असतं, पण मग ढेप कोण घेणार? म्हशीवाला ढेप हातात चोळून बघतो, हाताला तेल लागलं नाही तर पुढच्या दुकानात जातो. त्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार योजनेत गेला, म्हणजे तो फक्त सरकारनं घ्यायचा. गिरणीनं सरळ कापूस घ्यायचा, रेच्यावर सरकी काढायची, तेल गाळायचं, ही साखळी तुटली. सरकी सरकारसाठी कापूस घेणाऱ्या महासंघाकडून बोली लावून घ्यायची वेळ आली.

तरी चाललं, कारण बाहेरचं तेल सरकारच्या हातानं यायचं. १९९४ मध्ये पामोलिनची (पाम तेलाची) आयात खुली झाली, ६५ टक्के शुल्क लावून. १९९८ पर्यंत ते शुल्क १५ टक्क्यांवर आलं. सरकी अकोटात, अन् भाव ठरतो मलेशियात! बंदरावरची रिफायनरी बारा महिने, चोवीस तास चालते. आमची एक कढई म्हणजे एक दिवसाचं काम. तोवर आपल्याच वावरात सोयाबीन आलं होतं अन् त्याचे सॉल्व्हंट कारखाने स्वतःची रिफायनरी घेऊनच उभे राहिले. १९९८ च्या ऑगस्टात दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याची भेसळ असलेल्या मोहरी तेलानं माणसं दगावली अन् सरकारनं सुटं तेल विकण्यावर निर्बंध आणले. नियम योग्यच होता. पण पॅकिंगची मशिनरी घ्यायला ज्याच्या गाठीशी पैसा होता तोच टिकला. आमच्याकडे आधी रिफायनरी थांबली, एक्स्पेलर नंतर काही वर्षं फिरत राहिले.

सरकी गाळणं मात्र संपलेलं नाही. आजही गिरण्या चालतात, पण धंदा ढेपेवर चालतो. सरकी ढेपेच्या वायदेबाजारात अकोला हे मुख्य केंद्र आहे, ते उगीच नाही. तेल नुसतं धुऊन ‘कॉटन वॉश’ म्हणून विकलं जातं अन् शुद्ध दुसरीकडे होतं.

राहिली तुमची माती. ते ढीग म्हणजे तेलाचा रंग शोषायला वापरलेली माती. ताजी असताना तिच्यात तेल मुरलेलं असतं अन् ती आपोआप तापते. आमच्याकडे वैशाखात ढीग धुमसायचा, चौकीदार रात्री पाणी मारायचा. इतक्या वर्षांनी ती भीती नाही. पातळ पसरून नांगरून टाका. खरी काळजी सोपस्टॉकच्या खड्ड्याची अन् सांडपाण्याच्या नालीची. तिथं कॉस्टिकचा सोडियम मुरलेला असतो, अन् खारपाणपट्ट्याच्या शेजारी राहणाऱ्याला सोडियमनं काळी माती कशी दगडासारखी होते, पाणी कसं तुंबतं, ते मी काय सांगणार! खड्ड्याजवळचे अन् दूरचे नमुने वेगळे काढून अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तपासून घ्या. आम्लता-विम्लता अन् सोडियम, दोन्ही बघायला सांगा. सोडियम जास्त निघाला तर ते सांगतील तेवढं जिप्सम अन् शेणखत टाका, पाणी निघून जायला चर काढा. निकाल येईपर्यंत तूर पेरू नका, साचलेलं पाणी तिला सोसत नाही.

प्रश्न : सरकीच्या तेलात विष असतं म्हणतात. दिवाळीचं तळण त्यात करावं का? – एक गृहिणी, दर्यापूर

उत्तर : ताई, विष कच्च्या तेलात. वर सांगितलेला कॉस्टिकचा फेरा झाला की ते जवळपास सगळं निघून जातं. गुजरातेत कपासिया तेल रोज खातात, फरसाणही त्यातच तळतात. चिवडा-चकली खुशाल तळा. फक्त शुद्ध केलेलं, सीलबंद घ्या. गिरणीवरून डबा भरून आणू नका, कितीही ओळखीची असली तरी. थंडीत तेल खाली थोडं गोठलं तर भेसळ समजून दुकानदाराशी भांडू नका. डबा उन्हात ठेवा.